नाशिकच्या गच्चीवर हॉप्स: थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीचा प्रश्न

मखमलाबाद परिसरातील एका गृहस्थांनी विचारले आहे की, बंगल्यामागच्या १० बाय १५ फुटांच्या जागेत आणि गच्चीवर हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या शंकूसारख्या फुलांच्या वेलाच्या, सहा-सात जाती लावायच्या झाल्यास नाशिकची थंडी त्यांना पुरेल का, कोणत्या जाती निवडाव्यात, शेजारच्या द्राक्षबागेतील भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग या वेलींवर येतील का, आणि हाती माल किती लागेल. मी पंचवीस वर्षे द्राक्षबागायतीत आहे आणि गेली सात वर्षे घराच्या गच्चीवर हॉप्सचे वेल सांभाळतो आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

थंडीचा मुद्दा प्रथम घेतो, कारण सगळे तिथेच अडतात. हॉप्स हे समशीतोष्ण प्रदेशातील बहुवर्षायू पीक आहे. त्याचा जमिनीवरचा वेल दरवर्षी वाळतो आणि जमिनीखालचा गड्डा व त्याची आडवी खोडे जिवंत राहतात. हिवाळ्यात महिना-दोन महिने गोठवणारी थंडी मिळाल्याशिवाय हा गड्डा नीट फुटत नाही, असे पूर्वापार मानले जात असे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील एका संशोधनाने २०१९ मध्ये हा समज खोडून काढला. तिथे थंडीची विश्रांती न देताही झाडे फुलली आणि त्यांचे उत्पन्न घटले नाही. नाशिककरांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये. द्राक्षदेखील मूळचे थंड मुलखातलेच. तिकडे ते हिवाळ्यात पानगळ करून झोपते, आणि आपण मात्र त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या देऊन वर्षभर जागे ठेवतो.

खरी अडचण आहे ती दिवसाच्या लांबीची. हॉप्स दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतात. चेक प्रजासत्ताकातील झाटेत्स, जर्मनीतील हालर्टाऊ, अमेरिकेतील याकिमा खोरे ही हॉप्सची प्रसिद्ध ठिकाणे साधारण ४६ ते ५० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. तिथे जूनमधला दिवस सुमारे १६ तासांचा असतो, त्यामुळे वेल आधी भरपूर वाढतो, पाच-सहा मीटर उंच चढतो, आणि मग दिवस उतरू लागले की फुलावर येतो. नाशिक २० अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. म्हणजे इथे हॉप्सला वर्षभर दिवस लहानच भासतो, आणि वेल कमरेएवढा किंवा फार तर डोक्याएवढा झाला की घाईने फुलून मोकळा होतो. मग शंकू येतात ते मूठभर, आणि माणूस म्हणतो की नाशिकची हवा मानवली नाही.

मलाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते. डोळे उघडले ते एका दिव्यामुळे. गच्चीच्या रस्त्याकडील कोपऱ्यात एक ड्रम होता आणि त्याच्या बरोबर वर रस्त्यावरचा एलईडी दिवा रात्रभर जळत असे. आतल्या बाजूचे तीन वेल पाच फुटांवरच फुलले होते. कोपऱ्यातला वेल मात्र त्याच जातीचा, त्याच मातीतला असूनही दोरी संपवून दिव्याच्या खांबाकडे हात पसरू लागला होता आणि त्यावर फुलाचा मागमूस नव्हता. त्याच वेलाची एक फांदी कठड्याच्या सावलीत खाली लोंबत होती, तिच्यावर मात्र फुलोरा दिसत होता. शेवंतीवाल्यांना ही गोष्ट केव्हाचीच ठाऊक आहे. पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावून शेवंतीची काडी लांब करून घेतात आणि हवे तेव्हा दिवे बंद करून तिला फुलवतात. हॉप्सचे गणित नेमके तेच आहे. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज या भागात हॉप्सवर असेच कृत्रिम दिवे लावत असत, आणि फ्लोरिडा विद्यापीठाने अलीकडे तिथल्या लहान दिवसांत हाच उपाय यशस्वी करून दाखवला आहे.

त्यामुळे सहा-सात जातींची यादी करण्यापूर्वी टायमर आणि बल्ब विकत घ्यावेत, असा माझा सल्ला आहे. साधे ९ वॅटचे, पिवळसर प्रकाशाचे एलईडी बल्ब दर पाच फुटांवर, वेलाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच टांगावेत आणि संध्याकाळी ६ ते रात्री ११ चालू ठेवावेत. असे चार बल्ब दोन महिने जळले तर वीज लागते साधारण ११ युनिट. वेल मांडवाच्या तारेला पोचून तिच्यावरून हात-दोन हात पुढे गेला की दिवे एकदम बंद करावेत. रोज थोडेथोडे कमी करण्याच्या फंदात पडू नये. मी एका वर्षी तसे केले आणि वेलाचा अर्धा भाग फुलला व अर्धा वाढतच राहिला, त्यामुळे काढणी दीड महिना रेंगाळली.

आता हंगाम. इथे द्राक्षाची सवय उपयोगी पडते, कारण खरड छाटणीनंतर आपण फळाची अपेक्षा ठेवत नाही, केवळ काडी तयार करतो, आणि माल गोडी छाटणीनंतरच्या फुटींवर घेतो. हॉप्सचेही मी तसेच दोन भाग केले आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस वाळलेले वेल जमिनीलगत कापायचे, नवी फूट येऊ द्यायची आणि ती उन्हाळाभर केवळ गड्डा पोसण्यासाठी ठेवायची. या काळात आपोआप येणारे बारीक शंकू काढून टाकावेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांकडे सरकतो तेव्हा त्यांची पाकळी करपते आणि त्यांना सुगंध म्हणावा असा धरत नाही. दुपारच्या उन्हात ५० टक्क्यांची शेडनेट हवीच. पावसाळ्यात वेलाकडून काही मागू नये. निचरा सांभाळावा आणि खालची पाने काढून हवा खेळती ठेवावी, एवढेच. मग पितृपक्षाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पावसाचा जोर ओसरला की सगळे वेल पुन्हा जमिनीलगत कापायचे आणि येणाऱ्या फुटींवर त्याच रात्रीपासून दिवे लावायचे. दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेल तारेवर जातो. घरातले आकाशकंदील उतरतात तेव्हा माझ्या गच्चीवरचे दिवेही बंद होतात. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत टोकदार केसाळ फुलोरा दिसतो आणि संक्रांतीच्या आसपास शंकू पक्व होतात. नाशिकच्या डिसेंबरातल्या गार रात्री आणि कोरडी हवा या काळाला फार मानवतात.

जमिनीबाबत मी थोडा कडक बोलणार आहे. आपली काळी, चुनखडीयुक्त माती हॉप्सला चालत नाही. त्याला सामू (पीएच) ६ ते ७च्या दरम्यानचा आणि पाणी झटकन उतरणारी माती लागते. द्राक्षात चुनखडी आणि क्षार सोसण्यासाठी आपण डॉगरिज जातीचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड, वापरतो. हॉप्सला असा खुंट नसतो, ते स्वतःच्याच मुळांवर उभे असते, म्हणून मातीच बदलावी लागते. मागच्या जागेत थेट लागण करण्याऐवजी २०० लिटरचे प्लॅस्टिकचे ड्रम निम्म्यातून कापून, तळाला भरपूर भोके पाडून त्यांत लावावे. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत, कोकोपीट आणि जाड वाळू यांचे मिश्रण भरावे व मूठभर गंधक आधीच मिसळून ठेवावे. बोअरचे पाणी जड असल्यामुळे वर्षभरात सामू पुन्हा चढतो आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडू लागतात. तो लोहाचा अभाव असतो. त्यावर नत्र ओतत बसू नये, चिलेटेड, म्हणजे मुळांना सहज घेता येणारे लोह द्यावे. एरवी हे पीक खादाड आहे. वाढीच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला जिवामृत किंवा विद्राव्य खत मागते, आणि ठिबकचे दोन ड्रिपर एका ड्रमला कमीच पडतात. ड्रमचा आणखी एक फायदा असा की जमिनीखालची आडवी खोडे शेजारच्या जातीत घुसत नाहीत. उघड्या जमिनीत दोन वर्षांत कोणता वेल कोणत्या जातीचा, हे सांगणे अशक्य होते.

एका गड्ड्यातून वीस-पंचवीस कोंब निघतात. त्यांतले पहिले जाड, पोकळ, जांभळट कोंब मोडून टाकावेत आणि नंतरचे पेन्सिलीएवढे, काटक कोंब निवडून प्रत्येक दोरीला दोन-तीनच ठेवावेत. दोरी काथ्याची असावी. नायलॉनवर वेलाचे आकडेवजा केस पकड घेत नाहीत आणि वारा सुटला की सगळा वेल मोज्यासारखा खाली घसरतो. वेल चढवताना वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. घेवडा याच्या उलट फिरतो, त्यामुळे परसबागेत हात बसलेली माणसे हटकून चुकतात, आणि चुकीच्या दिशेने गुंडाळलेला वेल दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला सोडवून लोंबताना दिसतो. हे काम पूर्ण बाह्यांचा सदरा घालून करावे, कारण त्या केसांनी हातावर ओरखडे उठतात आणि घाम लागला की ते रात्रभर झोंबतात.

जातींकडे वळतो. सहा-सात जाती या जागेत मावणार नाहीत, तीन पुरेत. पहिली निर्विवादपणे कॅस्केड. अमेरिकेत १९७२ मध्ये प्रसारित झालेली ही जात उष्ण आणि कमी अक्षांशांच्या प्रदेशांत सर्वांत समजूतदारपणे वागते. फ्लोरिडातील चाचण्यांतही तिची कामगिरी उजवी ठरली. तिच्यात कडवटपणा देणारी अल्फा आम्ले साधारण ४.५ ते ७ टक्के असतात आणि वास पपनस-मोसंबीच्या सालीचा येतो. तिचे दोन ड्रम लावावेत. दुसरी चिनूक, १९८५ची, अल्फा आम्ले १२ ते १४ टक्के, वास देवदाराच्या डिंकासारखा. वेल राकट आणि उन्हाला धीट. तिसरी सेंटेनियल घ्यावी की नाही याबद्दल माझे मन अजून द्विधा आहे. चांगल्या वर्षी तिचे शंकू माझ्याकडच्या सर्व जातींत घट्ट आणि सुगंधी असतात, पण तीन वर्षांतून एकदाच चांगले वर्ष येते. तुम्हाला कडूपणा नको असून केवळ काढ्यासाठी किंवा चहासाठी हॉप्स हवे असतील, तर टीमेकर नावाची अमेरिकन जात मुद्दाम त्यासाठीच आहे. तिची अल्फा आम्ले दोन टक्क्यांच्याही आत असतात. मात्र ती मिळणे कठीण.

साझ, हालर्टाऊ मिट्टेलफ्रू आणि फगल या युरोपातल्या खानदानी जातींच्या नादी नाशिकमध्ये लागू नये. त्यांची नावे वाचून मोह होतो, मलाही झाला होता. साझचा वेल माझ्याकडे तीन वर्षे जगला आणि तिन्ही वर्षांचा मिळून सगळा माल चहाच्या एका डब्यात मावला. सिट्रा आणि मोझॅइक या नावांची रोपे कोणी ऑनलाइन विकत असेल तर पाकीट घट्ट धरावे. या जाती खासगी मालकीच्या आहेत आणि त्यांची रोपे हौशी लोकांना विकलीच जात नाहीत. बियांची पाकिटेही घेऊ नयेत. हॉप्समध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात, शंकू फक्त मादीला येतात, आणि बियांतून निघणाऱ्या रोपांत निम्मे नर निघतात. शिवाय बियांपासून मूळ जात जशीच्या तशी उतरत नाही. एका विक्रेत्याने कॅस्केड म्हणून पाठवलेले रोप मी आठ महिने पोसले आणि शेवटी ते नर निघाले. गड्ड्याचे तुकडे किंवा छाटकलमेच घ्यावीत आणि ती देशातूनच घ्यावीत. परदेशातून पाकिटात गड्डे मागवणे हे २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाविरुद्ध आहे. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि हा नियम द्राक्षाच्या मुलखात तरी आपण मनापासून पाळायला हवा. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती अनेक वर्षांपासून होते. देशी लागवडीतले खात्रीचे गड्डे आधी तिकडून मिळतात का ते पाहावे.

भुरी आणि केवड्याबद्दल निश्चिंत राहा, पण अर्धेच. हॉप्सवरही भुरी येते आणि केवडाही येतो, परंतु द्राक्षावरच्या आणि हॉप्सवरच्या बुरशा वेगवेगळ्या प्रजातींच्या आहेत, त्यामुळे शेजारच्या बागेतून ती लागण होत नाही. नावे सारखी म्हणून रोग एकच असे नव्हे. हॉप्सचा केवडा ओळखायची खूण म्हणजे जमिनीतून निघालेला एखादा कोंब खुंटतो, पेरे आखूड होतात, पाने पिवळट होऊन खाली वळतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला करडी-काळपट लव दिसते. असा कोंब दिसताक्षणी बुडापासून काढून पिशवीत भरून टाकावा. शंकू धरण्यापूर्वी अर्धा टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना) फवारणी चालते. लाल कोळी मात्र द्राक्ष, गुलाब, वांगी, हॉप्स असा काहीच भेद करत नाही, आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली की शेजारच्या बागेतून तो हटकून येतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दिवसाआड मारला तर तो आटोक्यात राहतो. शंकू धरल्यानंतर निंबोळी तेल किंवा गंधक यांपैकी काहीही मारू नये, कारण त्याची चव शेवटपर्यंत जात नाही.

काढणीची वेळ रंगावरून ठरवू नये. कच्चा शंकू दाबला की ओलसर आणि मऊ लागतो आणि दाबलेलाच राहतो. पिकलेला शंकू कागदासारखा हलका होतो, कानाशी धरून चुरगाळला तर खसखसतो आणि बोट काढताच पुन्हा फुगतो. असा एक शंकू नखाने उभा चिरून पाहावा. पाकळ्यांच्या बुडाशी हळदीपेक्षा किंचित गडद पिवळी, चिकट भुकटी दिसली पाहिजे. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि हॉप्सची सगळी किंमत त्या भुकटीत आहे. ती अंगठ्यावर चोळली की कॅस्केडचा वास आधी गवताचा आणि मग सालीचा येतो. नुसता गवताचा वास आला तर आठवडाभर थांबावे. लसणासारखा येऊ लागला तर उशीर झालेला असतो.

शंकू उन्हात वाळवू नयेत. खिडकीची जाळी चौकटीला ठोकून त्यावर एकेरी थर पसरावा, खाली पंखा लावावा आणि खोलीत अंधार ठेवावा. जानेवारीच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. मधला देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडला की समजावे वाळले. साडेचार-पाच किलो ओल्या मालाचा एक किलो सुका माल होतो. तो हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. काढणीनंतर वेल लगेच कापू नये. पाने पिवळी पडेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत ती गड्ड्यात अन्न साठवत असतात. घरात कुत्रा असेल तर एक इशारा: हॉप्स, विशेषतः उकळून उरलेला चोथा, कुत्र्याला घातक असतो, तो खाल्ल्यास अंगात तीव्र ताप चढून जीव जाऊ शकतो. चोथा उघड्या कंपोस्टच्या ढिगावर कधीही टाकू नये. शेजाऱ्यांच्या माहितीसाठी हेही सांगून ठेवावे की हॉप्स भांगेच्या कुळातले असले तरी त्यात नशेचा अंश नाही. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला हे पटवायला मला दोन वर्षे लागली.

उत्पन्नाचे म्हणाल तर याकिमात एका वेलामागे साधारण एक किलो सुका माल निघतो. माझ्या सर्वोत्तम कॅस्केडने तिसऱ्या वर्षी १८० ग्रॅम दिला, तोही दिवे लावून. पहिल्या वर्षी काहीही मिळणार नाही, असेच धरून चालावे. पैशाचा हिशेब करायचाच असेल तर २०२१ मधली बिहारची बातमी आठवावी. एक लाख रुपये किलोने विकले जाणारे हॉप्सचे कोंब तिथल्या एका शेतकऱ्याने पिकवले, असे देशभर पसरले आणि प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहिल्यावर तसे पीक तिथे नव्हतेच. बिअरचेही आधीच स्पष्ट करतो. हॉप्स लावायला बंदी नाही, पण परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. माझा सगळा माल चहात, उशीच्या अभ्ऱ्यात आणि भावाच्या घरी जातो.

कोंबांचा उपयोग मात्र तुमच्या ताब्यात आहे. फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये विरळणी करताना निघणारे वीतभर कोंब फेकू नयेत. इटलीच्या व्हेनेतो भागात ते आवडीने खातात. आमच्याकडे ते मिठाच्या पाण्यात मिनिटभर वाफवून, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत परततात आणि वर भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घालतात. चव शेपूइतकी उग्र नसते, किंचित कडवट असते. चार ड्रमांतून एका वेळी चौघांना पुरेल एवढी भाजी निघते.